समुद्रात कमळं नसतात

हॅलो?… हॅलो! हो, कोकिळाच बोलून राह्यले, रत्नागिरीहून… अहो, हळू बोला ना. फोन शारदाताईच्या शेजाऱ्यांचा हाय, ते इथंच बसले हायेत.

स्टुडिओ उघडला?… काय? निवृत्ती पडदा रंगवाले बसला? अहो, नका! ब्रश काढून घ्या त्याच्या हातून. मी मेहकरले आल्याबिगर एक रेघ नाई मारायची म्हणा.

हो, पाह्यला समुद्र… निळा? निळा कुठचा! पैनगंगा पुरात असते ना, तसा गढूळ… हंस एक नाई. कमळं तर नाईच नाई. तहसीलदारीणबाई फोटोले आपल्या समुद्राच्या पडद्यापुढं बसून कमळं पाहून हासल्या, ते उगाच नाई. माहेर कोकणातलं त्यांचं… हासा, तुम्हीही हासा! पण तवापासून नवरा-नवरी फोटोले खामगावले जाऊन राह्यले, त्याचं काय?

होड्या?… वाळूवर ओढून ठेवल्या हायेत, वरून झावळ्या टाकून. पावसाळ्यात कोणी पाण्यात जात नाई म्हणे. अन् ऐका ना, हे पाणी एका जागी राहतच नाई. सकाळी पायरीपाशी, दुपारी पार वावरभर मागं!

नाई, मनासारखा फोटो एकही नाई साधला… अहो, सूर्य कुठं हाय? आभाळ अन् पाणी एकच राखाडी. फोटोत नुसतं कोरं कापड येईन. अन् रोलात आता एकच उरला.

जेवण?… शारदाताईनं सांगितलं वाटते… हो, कालपासून नाई. चातुर्मासाचा नेम हाय माहा, सूर्य पाह्यल्याबिगर घास नाई… चक्कर-बिक्कर काही नाई. पाणी पेते ना… देवाले चालत असंन हो, पण मले नाई चालत.

उद्याची एस.टी.? माहीत हाय. पण फोटोबिगर नाई येणार मी. तशी आली, त निवृत्ती पुन्हा कमळंच काढीन… भांडत नाई जी, सांगून राह्यले.

थांबा… थांबा! भिंतीवर ऊन आलं!… शारदाताई, माहा कॅमेरा दे वं, लवकर!… नाई हो, अजून नाई पाह्यला सूर्य. मान खाली घालूनच उभी हाय. आधी कॅमेऱ्यातूनच पाहीन, फोटो अन् नेम दोन्ही एकदमच… काऊन नाई चालणार? काच मधात असली तरी डोळा माहाच हाय ना!… हो, जेवीन, मग जेवीन… अहो, ढग येऊन राह्यला, ठेवते!