ग्वाक आजींचा निळा फोटो

आदरणीय अध्यक्षा आणि बाजार संघाच्या प्रमुख श्रीमती नाम, आजचे सत्कारमूर्ती व मी नोकरी करते त्या फोटो स्टुडिओचे मालक श्री. प्यो गिल-सप, आणि हिचं भाषण कधी संपतंय म्हणून मकगली दारूच्या बाटल्यांकडे बघत बसलेले समस्त तोंगयोंगकर,

आज प्यो साहेब फोटो स्टुडिओतून निवृत्त होत आहेत. त्यांनी या गावाला काय दिलं? स्पष्टच सांगते, निळा रंग.

डोळे दुखतात म्हणून साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा कायमचा पिवळा करून ठेवला होता. दुकानातले दिवेही पिवळे. त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाईक त्यांना कावीळ झाल्यासारखं दिसायचं, आणि ते मायेने कलर टेम्परेचरची पट्टी निळ्याकडे ओढायचे. दुकानात फोटो झकास. बाहेर नेला की माणूस बर्फातल्या बांगड्यासारखा! तक्रार कोणी केली? वडीलधाऱ्यांना चूक दाखवायची कशी? मी दाखवली, तर म्हणाले, "घरातली पहिली पदवीधर ना तू? मग घरी जाऊन शिकव."

मग आल्या ग्वाक बुन-रे आजी. जन्मभर उन्हात मासळी वाळवलेल्या. आपल्या अंत्यविधीला ठेवायचा फोटो त्यांनी ठेवणीतला सणाचा हानबोक नेसून हौसेने काढून घेतला होता. तो घेऊन त्या रस्त्यावर गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अरे प्यो, मेल्यावर लावायचा फोटो मागितला होता, मेल्यावर काढलेला नव्हे!"

"मावशी, गोऱ्या दिसताय."

"गोरी? माझा नातू जहाजावरून येऊन नमस्कार करणार तो कुणाला? या सेऊलच्या बाईला?"

ज्या उन्हाने तो चेहरा घडवला, ते पुसायचा आपल्याला काय अधिकार? मला आजही हेच वाटतं.

साहेब बाहेर आले. फोटो आजींच्या गालाशेजारी धरला. मग दर्शनी काचेत लावलेले नमुन्याचे फोटो एकेक करून उन्हात आणले. नवऱ्या मुली, मुख्याध्यापक, स्वतःची सासू. बारीक आवाजात म्हणाले, "पोरी, हे सगळे बुडाले होते का गं?"

त्यांनी पडद्याचा पिवळेपणा काढला, आजींना शेजारी बसवलं आणि पट्टी सरकवू लागले.

"अजून ऊन टाक. अजून. कंजूषपणा करू नकोस... हं, थांब. ही मी."

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली : 'निळे झालेल्यांनी परत यावे.' साहेब, त्या पाटीसाठी मी तुम्हाला नमस्कार करते.

आजी इथे पहिल्या रांगेत आहेत, फोटो त्यांच्या भिंतीवर आहे. नातू थंडीत घरी आला, फोटोसमोर थबकला आणि फोटोलाच म्हणाला, "आजी, हात धुऊन येतो, ओरडू नकोस."

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझ्या बोलण्यात कुठे रंग जास्त चढला असेल, तर आपापल्या डोळ्यांना सोसेल इतका उतरवून घ्यावा.