आढ्याला हात

लीलाबाई : नाही, रागावले नाही मी, कुशाबा. राग यायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं. बसा.

कुशाबा : बसत न्हाई, नर्सबाई. आदी मला दोन शब्द बोला. तुमाला वाटलं असंल, कुशा सुतार कौलं उतरवून पळाला.

लीलाबाई : वाटलं. छप्पर उघडं टाकून भुकूमला दुसरं काम धरलं असेल, असंच वाटलं.

कुशाबा : भुकूमला? आवो, मी हत्याराला हात न्हाई लावला. सुतक हुतं.

लीलाबाई : तुमच्याकडे कोण गेलं?

कुशाबा : तुमचं मास्तर गेलं न्हवं?

लीलाबाई : आमच्यात सुतक नसतं, कुशाबा.

कुशाबा : तुमच्यात नसंल. पन मास्तरांची पेटी म्या केली. जल्मात कदी केली नव्हती. मानसाच्या मापाचं लाकूड कापलं, खिळं ठोकलं, म्हंजे मी घरचाच झालो का न्हाई? मंग घरच्यानं सुतक धराया नको?

धोंडाबाई : म्या म्हनलं ह्याला, अरं मुडद्या, निदान जाऊन सांग तरी त्यास्नी. तर म्हनतो, आये, सुतकात कुनाच्या दारात कसं जाऊ.

लीलाबाई : धोंडाबाई, तुम्हीही आलात मुलाबरोबर? आत या. आत काय, बाहेर काय, सगळं एकच झालंय.

धोंडाबाई : अगं बाई! वर नुसती ताडपत्रीच हाय व्हय? ह्या थंडीत निजता कुटं?

लीलाबाई : चुलीपाशी. तिथली थोडी कौलं राहिलीत.

धोंडाबाई : एकल्याच?

लीलाबाई : एकटीच. सकाळी दवाखान्यात जाते, सुया देते, परत येते. हात आपोआप चालतात. काल एका बाईचं बाळंतपण केलं. मुलगा का मुलगी, ते आता आठवत नाही मला.

धोंडाबाई : आवो, कायतरी खाता का न्हाई?

लीलाबाई : खाते. भाऊ आला होता नगरचा. तो उद्या ट्रक घेऊन येतोय. सामान भरायचं, घर आहे तसं विकून टाकायचं, म्हणतो.

कुशाबा : अन् तुमी काय म्हनला?

लीलाबाई : म्हटलं, देव वाट दाखवील. तर म्हणाला, ताई, देव काय कौलं चढवायला येणार आहे?

कुशाबा : मास्तर मला सांगायचं, आमचा येशू सुताराच्या घरातला. म्या म्हनायचो, मंग आमच्या भावकीतलाच की. लई हसायचं.

लीलाबाई : हसायचे. दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. आठवतं मला. पण आठवून काही होत नाही. रडूसुद्धा येत नाही.

धोंडाबाई : मंग देवाला सांगा की. दुष्काळाच्या साली पौडात आलात तवापासनं बघते, सांजसकाळ गुडघ्यावर बसता.

लीलाबाई : अजून बसते. शब्द म्हणते आणि उठते. मनाला काही लागत नाही.

धोंडाबाई : मंग बसता कशापायी? इश्वास उडाला म्हनायचा.

लीलाबाई : उडाला नाही. पायाला मुंग्या आल्या की पाय आपला वाटत नाही, म्हणून कोणी तोडून टाकतं का? जपून टेकवायचा. तसं बसते.

धोंडाबाई : त्ये बी खरं.

कुशाबा : बाई, आज आढं चढवू. भुंग्यानं खाल्लेलं जुनं आदीच उतरवलंय, नवं अंगनात तासून पडलंय. भैरू अन् गेणबाला घिऊन आलोय. आढं चढलं की घर उभं ऱ्हायलं बगा. मंग वासं, कौलं, सगळं होतंय. उद्या तुमचा भाऊ आला की त्याला वर बगू द्या.

लीलाबाई : आणि दार?

कुशाबा : दाराच्या फळ्या तर... पेटीला गेल्या न्हवं. दुसऱ्या आणू.

लीलाबाई : हो. सागवानी होत्या. वखारीत उभं राहून एकेक निवडली होती त्यांनी. जाऊ द्या. त्यांच्याच कामी आल्या.

कुशाबा : पर बाई, एक अडचन हाय.

लीलाबाई : काय?

कुशाबा : आढ्याला नारळ, खन बांधायचा न्हाई, त्ये मास्तरांनी आदीच सांगितलं हुतं. तुमी दोगं हात ठिवून प्रार्थना करनार, मंग आमी उचलनार.

लीलाबाई : तसंच ठरलं होतं.

कुशाबा : व्हय. पर आता... म्हंजे गडी जरा...

धोंडाबाई : नीट बोल की रं! बाई, आमच्यात आढ्याला जोडप्याचा हात लागतो. आपल्यासारख्या रंडकीचा न्हाई. गडी म्हनत्यात, बाईचा हात लागला तर आमी खांदा देनार न्हाई.

लीलाबाई : असं म्हणतात.

कुशाबा : तुमी घटकाभर परसात जावा. चढलं की हाक मारतो.

लीलाबाई : आणि प्रार्थना?

कुशाबा : तितनं करा की. देवाला काय, परसातलं बी ऐकू येतं.

लीलाबाई : त्याला येतं, कुशाबा. पण मी परसात जाणार नाही. मास्तर नाहीत म्हणून माझ्या हाताला काही झालेलं नाही. आमच्या देवानं तसं सांगितलेलं नाही.

कुशाबा : मंग आढं न्हाई चढत, बाई.

लीलाबाई : मग राहू द्या. उद्या ट्रक येईल.

कुशाबा : आवो, असं काय करता! घर जाईल तुमचं!

लीलाबाई : जाईल. तेही ठाऊक आहे मला.

धोंडाबाई : कुशा, तुजा बाप गेल्यावर आपल्या घराचं आढं चढलं, तवा मी कुटं हुते रं?

कुशाबा : आता ह्ये मधीच काय काढलंस?

धोंडाबाई : शेण गोळा कराया धाडलीस मला. सुताराच्या घरची मी, अन् पाटी घिऊन रानात.

कुशाबा : आये, रीत हाय ती. म्या काढली का?

धोंडाबाई : न्हाई. म्या बी कुटं काय म्हनलं? गुमान गेले. लांबनं ठोकल्यालं तेवडं ऐकू यायचं.

लीलाबाई : म्हणजे आढं चढताना तुम्ही पाहिलंच नाही?

धोंडाबाई : नवी नवरी हुते तवा बगितलं असंल. धनी गेल्यावर न्हाई.

लीलाबाई : या इकडे. माझ्याजवळ उभ्या राहा.

धोंडाबाई : मी? अन् मंग गडी काय म्हनतील?

लीलाबाई : ते मला ठाऊक नाही. मला आता पुढचं काहीच ठाऊक नसतं. या.

धोंडाबाई : कुशा, जाऊ का रं?

कुशाबा : (अंगणाकडे वळून) ए भैरू! गेणबा! हिकडं या. आढ्याला बाई हात लावनार हायेत. अन् माजी आय बी. भैरू, तुजी तिन्ही पोरं बाईंच्या ह्याच हातात आली, तवा हात चालला तुला? आन् गेणबा, तू काय खाली बगतुयास? पटत नसंल तर आपापल्या घरी जावा. मी एकला ओढीन वर, जमंल तसं... हां. मंग व्हा म्होरं. वहाना काढा आदी.

लीलाबाई : हात ठेवा, धोंडाबाई. असा.

धोंडाबाई : गार हाय लाकूड. बोला की आता कायतरी.

लीलाबाई : शब्द येत नाहीत मला.

कुशाबा : नगा बोलू. घटकाभर समदीच गप उभी ऱ्हाऊ. त्याला कळतंय म्हनता न्हवं?

धोंडाबाई : तुमच्यात डोळं मिटत्यात न्हवं? मिटू का मी बी?

लीलाबाई : नको. आम्ही मिटतो. तुम्ही उघडे ठेवा, धोंडाबाई. नाहीतर आढं वर जाताना दिसायचं कसं?