काजळसेन मेला, बरं झालं

बसा, बसा पोरांनो. मागं उभी ऱ्हायल्यात त्यांनी पुढं या की. सतरंजीवर लई जागा हाय.

गणपतीच्या मिटिंगला पण ह्या तालमीत एवढी माणसं येत न्हाईत. लांबनं लांबनं आलाय, उन्हातनं आलाय. आणि कुणासाठी? माझ्या नातीनं, आमच्या ऋतुजानं, काचेच्या पाटीवर काढलेल्या एका राजासाठी. मला बोलणं अवघड जातंय. गळा दाटला म्हणून न्हाय. शोकसभेत हसू नये म्हणत्यात, आणि मला सकाळपास्नं हसू येतंय.

खरं सांगू? काजळसेन मेला त्या दिवशी मी शिरा केलता. तूप सोडून, बेदाणे घालून.

आता तोंडं वाकडी करू नका. ही सभा भरवणारा हा प्रथमेश आत्ता बोलून बसला, रडला पण. मी काय म्हटलं व्हय त्याला? मग आता माझं ऐका.

तालमीतली म्हातारी माणसं बसल्यात, त्यांना वाटत असंल, कोण हा काजळसेन, कुठल्या गल्लीतला? तर आमची ऋतुजा चित्रांची गोष्ट काढती. दर शनिवारी एक भाग मोबाईलवर येतोय. मी दुसरी शिकलेली. अक्षरं जुळवत जुळवत वाचते. एका भागाला मला अर्धा दिवस लागतोय, तवर भात लागतोय खाली. पण चित्रं कशी हाईत! नदी काढली तर पाय भिजल्यागत वाटतंय. माझी नात हाय म्हणून सांगत न्हाय. नात हाय म्हणूनच सांगते, जावा!

तर काजळसेन म्हंजे जादूटोणा करणारा राजा. नदीवर शेवंती नावाची बाई नाव चालवती. तिची आई पलीकडच्या काठाला. आई आजारी पडली, आणि ह्या राजानं कर थकला म्हणून नदीला आग लावली. पाण्याला आग! शेवंती अलीकडं, आई पलीकडं. आई वाट बघून बघून गेली. पुढं हा गडी विसराच्या विहिरीचं पाणी प्याला आणि सगळं इसरला. राज्य गेलं, गर्व गेला. शेवंतीच्याच झोपडीत येऊन ऱ्हायला. लाकडं फोडायचा, मासं साफ करायचा. गेल्या शनिवारच्या भागात पूर आला, नावेचा दोर धरला, नाव वाचवली आणि सोता बुडाला.

झालं! तुम्ही रडायला लागलासा. रडला ते रडला, चौकात फ्लेक्स लावलासा. भावपूर्ण श्रद्धांजली, काजळसेनाला हार घातलेला, आणि खाली शोकाकुल म्हणून पयलं नाव कुणाचं? ऋतुजाचं. अरे, ज्यानं लावला त्याला जरा अक्कल? त्याचा फोटो फिरत फिरत कोडोलीला गेला. ह्या माझ्या वन्सं, मालकांची बहीण, पुढं बसल्यात बघा. त्या पयल्या एस्टीनं रडत आल्या. दारातच मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "वैनी, पोरीचं लगीन केल्याचं कळवलं न्हाईसा, निदान जावई गेल्याचं तरी कळवायचं!"

हसा, हसा. वन्सं पण हसाय लागल्यात. पण ऋतुजा हसली न्हाय. ती जेवली पण न्हाय नीट. कशापायी, ते सांगायला मी उभी ऱ्हायलीय.

ह्या येत्या शनिवारी शेवंती नदीवर काजळसेनाला निरोप देणार. तिनं काय बोलायचं, ते पोरीला लिवायचं हाय. आणि तुम्ही चार दिवस तिच्या मोबाईलवर तुटून पडलाय. एक म्हणतोय, मरताना त्याची सय परत आली, त्याचं तोंड उघडं काढलंय, तो माफी मागत हुता. दुसरा म्हणतोय, सय आली न्हाय, पण मन चांगलं झालतं, तेच खरं. तिसरा म्हणतोय, मढं दावलं न्हाय, म्हंजे जित्ता हाय. आणि शेवट सगळ्यांचा एकच. शेवंतीनं त्याला माफ केलं पायजे. न्हाय केलं तर ती दगडाच्या काळजाची. न्हाय केलं तर आम्ही वाचणार न्हाय. एकानं तर पोरीला जे लिवलंय, ते ह्या मारुतीसमोर मला सांगता येत न्हाय. तो बसलाय का हितं? बसला असंल तर बस. तुला बघून घेते मागनं.

ते उघड्या तोंडाचं मी ऋतुजाला विचारलं. म्हटलं, काय म्हणाला गं तो मरताना? ती म्हणाली, "आज्जी, पाणी शिरलं त्याच्या तोंडात." एवढंच! आणि तुम्ही त्यावर रामायण रचलंय.

आता एक सांगते, ते मी कुणाला सांगितलेलं न्हाय. वन्सं, तुम्ही ऐका. उठून जाऊ नका.

तुम्हा सगळ्यांना आवडलेलं एक चित्र हाय. सगळं इसरलेला काजळसेन शेवंतीला इचारतोय, "तुझी आई कुठं असती? चल, मी सोडतो पलीकडं." त्यावर तुम्ही लई रडला. किती गुणाचा झाला म्हणालासा.

पोरांनो, ते चित्र माझ्या घरातलं हाय.

माझं माहेर उचगाव. हितनं हाकेवर. माझी आई शेवटच्या घटका मोजत हुती, निरोप आलता. त्या दिवशी मालकांचं पावणं जेवायला येणार हुतं. मालक म्हणाले, "आधी पावण्यांचं जेवण. आई काय पळून जाती व्हय?" मी तांबडा रस्सा केला, पांढरा केला, भाकरी थापल्या. पावणं जेवलं, पान खाल्लं, पत्ते खेळलं. मी पोचले तवा आईला बाहेर काढलेलं हुतं. मालक त्यावर कधी एक शब्द बोलले न्हाईत. जन्मात न्हाई.

म्हातारपणी त्यांची सय गेली. वरडणं गेलं, हात उगारणं गेलं. लेकरागत झाले. आणि एक दिवस मी भाकरी करत असताना, ऋतुजा शेजारी बसलेली, मला म्हणाले, "तुमच्या आईचं कसं हाय? जाऊन भेटून या की. जेवणाचं ऱ्हाऊ द्या."

जेवणाचं ऱ्हाऊ द्या!

गल्ली म्हणायची, नशीबवान हाय बाई, दादा किती मऊ झाले. मला काय वाटलं ते कुणी इचारलं? त्यांनी वझं उतरवून ठेवलं, आणि ते माझ्या एकटीच्या डोस्क्यावर ऱ्हायलं. भांडायचं कुणासंगं? समोरच्याला म्हाईतच न्हाय. इसरणं म्हंजे सुधारणं नव्हं रे बाळांनो. सुधारायला आठवायला लागतंय.

मालक गेले. दहाव्याला पंचगंगेवर पिंड ठेवला, तर कावळा शिवंना. ऊन चढलं. सगळी भुकेजली. मग वन्सं, तुम्ही माझ्या मागं आलासा आणि म्हणालासा, "वैनी, दादाचा जीव तुमच्यात अडकलाय. माफ केलं म्हणा." भटजी म्हणाले म्हणा. दीर म्हणाले म्हणा. सगळा घाट म्हणाय लागला, म्हणा, म्हणा. मी हात जोडले आणि म्हटलं, माफ केलं. कावळा आला. सगळी म्हणाली, बघा, कसा लगेच आला!

अवो, कावळ्याला भूक लागलती.

मी खोटं बोलले हुते. आईच्या नावानं खोटं बोलले. सगळी घरला जाऊन जेवली, आणि मी आजपतोर त्या खोट्यासंगं जेवते. वन्सं, रडू नका. तुमचा भाऊ हुता, तुम्हाला गोड असणारच. मला तुमच्यावर राग न्हाय. हाय, थोडा हाय. पण तुम्ही आमटी चांगली करता.

ऋतुजानं ते चित्र काढलं तवा मला इचारलं नव्हतं. मी वाचलं, तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "रागावलीस व्हय?" म्हटलं, न्हाय, राजाचं नाक जरा मोठं पायजे हुतं. मला लई बरं वाटलं पोरांनो. माझ्या आईसाठी कुणीतरी नदी पेटवून दावली.

आणि आता तुम्ही सगळी घाटावर उभी ऱ्हाऊन त्या पोरीला म्हणताय, म्हणा, म्हणा. काल तिनं लिवलं, शेवंती म्हणती माफ केलं. आणि पुसलं. परत लिवलं, परत पुसलं. ती माझ्याकडं बघती, आणि मी काय सांगू? मला एकदाच इचारलं हुतं, आणि मी भिऊन व्हय म्हटलं.

तिनं ठरवू दे. शेवंती माफ करंल न्हायतर करणार न्हाय. तिची आई, तिची नदी. तुम्हाला काजळसेन आवडतोय, आवडू दे. रडा. पण बाईच्या तोंडात शब्द कोंबू नका.

प्रथमेश आता म्हणंल, दोन मिनिटं शांत उभं ऱ्हावा. उभं ऱ्हावा की. पण दोन मिनिटांनी माझं भागत न्हाय. ते मोबाईल खिशात घाला, आणि शनिवार पतोर गप ऱ्हावा. एक अक्षर पाठवू नका पोरीला. तेवढी शांतता पाळा.

चला, उठा. वन्सं, मला हात द्या.