नाल्यापल्याडचे साग

मी रावेरकडचा, भाऊ, सातपुड्याच्या पायथ्याचा. घरी कपाशी, आईचा जलम बठ्ठा कपाशीतल्या अळ्या येचन्यात गेला, अन् मले जंगलखात्याच्या गोऱ्या सायबानं साग मोजायले ठेवलं. काय सांगू तुम्हाले, झाडाले छातीइतक्या उंचीवर रंगाचा पट्टा, दर हिवाळ्यात त्याच पट्ट्यावर फीत लावायची अन् घेर वहीत लिहायचा. नाल्याअल्याडच्या झाडांवरच्या अळ्या पावसाळ्यात येचायच्या, पल्याड हात लावायचा नही, खाऊ द्यायचं, म्हन्जे अळीनं वाढ किती मारली ते समजते, असं सायेब म्हने. पाच वर्सं नीट केलं तं चौकीदाराची पक्की नोकरी देतो, हेबी म्हने.

चार वर्सं केलं. पल्याड पानांच्या नुसत्या जाळ्या व्हायच्या, जीव तुटे माहा, पन हात आवरून उभा ऱ्हायलो.

पाचव्या पावसाळ्यात मले हिवतापानं आडवं पाडलं. आई म्हने मी पाहून येते तुही झाडं. मी सांगितलं, सांगितलं व्हतं भाऊ, पल्याडच्या अळीले हात लावू नको. तिले वाटलं पोरगं तापात बडबडते. अळी राखा असं कोन म्हनते? तिनं चार बाया घेतल्या, घासलेटाचे डबे घेतले अन् महिनाभर दोन्हीकडची झाडं साफ केली.

हिवाळ्यात फीत लावली तं पल्याडचे साग त्या साली अल्याडच्यांइतकेच वाढलेले. मी सायबाले खरं सांगितलं, आईनं येचल्या, पन याच साली. सायेब म्हने, याच साली कशावरून? अन् बठ्ठ्या वहीवर आडवी रेघ मारली. पाची वर्सं गेली, नोकरी गेली.

घरी येऊन आईले नही नही ते बोललो. ती म्हने अळी दिसली, येचली, काय चुकलं रे माह्यं? मी अजून बोललो, मंग तिच्याशी बोलनंच सोडलं.

मरायच्या आधी तिनंच इचारलं, वाढले का रे ते साग? घेर मीच मोजला व्हता भाऊ, वाढले व्हते. मी म्हटलं, नही.

आता कपाशीतल्या अळ्या मीच येचतो. राज्य आपलं येनार म्हनतात, येवो बापा, साऱ्यांचं भलं होवो. देवानं माह्यं तोंड तेवढं, आईनं सागाचं इचारलं त्या येळेले, बंद ठेवायले पाह्यजे व्हतं.