टेबलाखाली गेलेला फासा

रविवारी संध्याकाळी पुण्याहून जुन्नरला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोन तरुण होते, आणि खिडकीशी एक आजी. एकाच्या मांडीवरच्या खोक्यात बोटाएवढे रंगवलेले शिपाई उभे होते. आजींना राहवेना.

“इकायला चाललाय का रं ही खेळणी?”

“न्हाई आजी. टेबलावर लढाई खेळतो आमी. पुण्यात स्पर्धा व्हती.”

“मंग कुनाशी लढला?”

“सेमीफायनलला आमचीच गाठ पडली. मी आन् हा रुपेश.”

“अगं बाई! दोघं बरूबर गेला आन् एकमेकांशीच लढला? जिकलं कोन?”

“हा धम्मपाल जिंकला, आजी. तीन वर्षं जातोय आमी, फायनल पयल्यांदाच. शेवटी मला सहा पायजे व्हता. सहा पडला की ह्याचा सरदार मेला. पण फासा घरंगळून टेबलाखाली गेला.”

“मंग?”

“खाली पडलेला धरत न्हाईत. परत टाकला, तर एक आला.”

“आन् खाली किती पडलं व्हतं?”

“जाऊ द्या की आजी.”

“सांग की रं.”

“सहा.”

“रुप्या! वाकून उचललास तवा मी इचारलं व्हतं तुला. बघितला न्हाई म्हणालास!”

“म्हणालो.”

“आरं, पण का?”

“तू म्हणाला असतास, सहा तर सहा, धर तो. आन् माझ्याच्यानं नको म्हणवलं नसतं, राव.”