चढावरची थंडी

स्कूटर दुरुस्त होईपर्यंत वाचावं म्हणून शिक्षिकेने गॅरेजच्या बाकावर पुस्तक उघडलं खरं, पण शेजारी भांडत बसलेल्या अनोळखी भावाबहिणींपुढे तिचं पान काही सरकेना.

“सांगत होते ना दादा, मागे घराएवढी कॅरॅव्हॅन जोडलीय, चढावर इतकी दामटू नकोस!”

“मी दामटली? बाबा इतकी वर्षं हीच कॅरॅव्हॅन ह्याच चढावरून ओढायचे. तापमानाचा काटा कधी वर गेला नाही.”

“बाबांना गाडी कळते.”

“आणि मला काय, बैलगाडी कळते?”

मेकॅनिक हात पुसत आला. “रेडिएटर निम्मा चोंदलाय. गाळ जुना आहे. सपाटीवर चालून जातं, पण ओझं घेऊन चढलात की इंजिन तापणारच.”

“जुना? मग बाबांच्या हातात कसं तापलं नाही?”

“चढावर हीटर लावायचे का ते? इंजिनाची उष्णता गाडीत ओढली जाते, काटा खाली राहतो.”

“लावायचे की! ऐन उन्हाळ्यात. थंडी वाजते म्हणायचे.”

“आम्ही घामाने निथळतोय आणि ह्यांना थंडी!”

“दादा, म्हणून तर आपण त्यांच्याकडून चावी काढून घेतली. वय झालं म्हणून.”

“आपण नाही, तू.”

“आणि त्या थंडीसाठी डॉक्टरकडे कोणी नेलं त्यांना?”

“...फोन लाव. स्पीकरवर टाक.”

“बाबा, मी बोलतेय. अहो, गाडी चढावर तापली.”

पलीकडून आवाज खणखणीत आला.

“मग? वाजली का थंडी तुम्हाला?”