चाकं लावलेलं टेबल आणि वेइकोचं मनगट

विश्वास कुणावर ठेवायचा, सांगा बरं तुम्ही? गोठलेल्या तळ्यावर जन्मात पाऊल न टाकता तळ्यावरचा कायदा लिहिणाऱ्यावर, की त्या कायद्याने ज्याचा धंदा बसणार त्याच्यावर, म्हणजे माझ्यावर? हसू नका, मी खरंच विचारतोय, कारण राजधानीतून परत आल्यापासून मला दुसरं काही सुचतच नाही, गिऱ्हाईक समोर उभं असतं, छोटे मासे मागतं, आणि मी त्याला माशांऐवजी कॉफी देतो.

तर मी ऑगी साल्मेला. आमचं राज्य कॅनडाला डोकं टेकवून पडलंय, आणि त्या डोक्याच्या अगदी टाळूवर माझं दुकान आहे. उन्हाळ्यात गळाला लावायचे जिवंत मासे, हिवाळ्यात फर, आणि कॉफी बारमाही. शाळा मी सोडली की शाळेने मला, यावर घरात अजून एकमत नाही. पण बीव्हरचं कातडं हातात घेतलं की जनावर कुठल्या ओढ्यातलं, काय खाऊन वाढलेलं, आणि ते सोलणाऱ्याचं त्या दिवशी बायकोशी भांडण झालं होतं का, एवढं मी सांगतो. तर असा सुखात होतो हो मी... आणि राजधानीतून बातमी आली की फासांवर बंदी घालणारं विधेयक येतंय. तारेचे फास. लावायचे नाहीत, विकायचे नाहीत, बाळगायचे नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, बरं झालं. म्हणा. मलाही पहिल्यांदा कुणी फास दाखवला तेव्हा मी तो हातात घेतला नव्हता. बर्फाखाली लावलेल्या फासात बीव्हर मरतो, खोटं कशाला सांगू? पण कोयोटीसाठी, म्हणजे आमच्याकडच्या कोल्ह्यासारख्या रानकुत्र्यासाठी, जो जमिनीवर लावतात ना, नीट लावलेला, त्याला सरकती कडी असते आणि तार अमक्यापुढे आवळू नये म्हणून अडसर असतो. जनावर ओढतं तोवर आवळतो, थांबलं की सैल पडतो, सकाळी जाऊन बघावं तर कोयोटी बर्फात बसलेला, तुमच्याकडे बघतोय, पाहुण्याला यायला उशीर झाल्यासारखा. पण हे ऐकतो कोण? ऐकलं तरी पटतं कुणाला, आणि सांगणारा कोण, तर फरचा व्यापारी... कुणावर ठेवायचा विश्वास?

आणि माझं सोडा, मी मासे विकून जगेन. प्रश्न होता वेइकोचा. वेइको हापाला, माझ्या दुकानाच्या मागच्या तळ्यापलीकडे राहतो, बायको गेली, मुलगी ॲरिझोनात. बोलणं असं की वर्षभराचे शब्द खिशात मावतील. पाणथळ भागातल्या रस्त्यांखाली बीव्हर धरणं बांधतात, नळ्या तुंबतात, रस्ता वाहून जातो, तिथे परगण्याचे लोक वेइकोला बोलावतात. पण त्याचा डावा खांदा गेलाय, बर्फावर पडून. लोखंडी सापळे म्हणजे ओझं हो, घसरगाडीभर लोखंड ओढायचं, ते उघडायला दोन धड खांदे लागतात. फासांचं काय, मूठभर तार, कोटाच्या खिशात बसते. फास आहेत तोवर वेइको तळ्यावर आहे. फास गेले की ॲरिझोना. मुलीने खोली रंगवून ठेवलीय, खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. तिथे बर्फ म्हणे फ्रीजमध्ये असतो. वेइको हे मला सांगताना असा बघत होता, जणू डॉक्टरने काहीतरी निघालंय म्हणून सांगितलंय.

म्हणून आम्ही सुनावणीला जायचं ठरवलं. प्रत्येकाला दोन मिनिटं. मी माझी दोन मिनिटं आरशासमोर बसवली, तर बायको, लेम्पी, स्वयंपाकघरातून म्हणाली, "तू कमी बोल, वेइकोला बोलू दे. तू बोलायला लागलास की लोक आपलं पाकीट चाचपतात." मी म्हटलं, "अगं, वेइको बोलतो कुठे?" तर म्हणे, "म्हणूनच."

बरं, आमच्यात एक रीत आहे. फास लावायला नवीन माणूस शिकायला आला की पहिल्यांदा त्याने आपलं मनगट फासात घालायचं. माझ्या दुकानातच होतं ते, तारेचं दुसरं टोक काउंटरच्या पायाला बांधायचं, काउंटर माझ्या आजोबांनी जमिनीत गाडलेलं, बैल लावला तरी हलणार नाही, मग म्हणायचं, ओढ. ओढलं की आवळतं. मग म्हणायचं, आता हलू नकोस. हललं नाही की सैल पडतं. जे आपण जनावराला लावणार ते आधी आपल्याला कळायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. वाटेत गाडीत वेइको पास्टी, आमची खिम्याची मोठी करंजी, खाता खाता अचानक म्हणाला, "मी बोलणार नाही. करून दाखवतो." आणि मी, शहाणा, म्हटलं, "वा, छान, बोलण्यापेक्षा ते बरं." माझं तोंड ना...

राजधानीत दारावर खिसे तपासले. वेइकोची तार कापायची पक्कड काढून घेतली, धारदार वस्तू आत नेता येत नाही म्हणे. फास राहू दिला. पहारेकऱ्याने उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे काय, चावी अडकवायचं?" वेइको म्हणाला, "तसंच समजा."

आत सुनावणी सुरू. आमच्या आधी एक बाई उठल्या, कोलीन ब्रँडव्होल्ड. माझ्या मनात होतं की कुणीतरी मोठ्या शहरातल्या, आरडाओरडा करणाऱ्या असतील, मग आपलं काम सोपं. तर नाही. साध्या स्वेटरमध्ये, आवाज खाली. त्यांचं एक लाकडी घर आहे आमच्याच बाजूला, तळ्याकाठी. सकाळी कुत्र्याला घेऊन पायवाटेने निघाल्या होत्या. बिस्किट नाव त्याचं. पायवाटेला अगदी लागून कुणीतरी फास लावला होता, अडसर नसलेला, जिथे लावायचाच नसतो तिथे. ज्याने लावला तो कधी पुढे आला नाही. बाई म्हणाल्या, "मी ओढत होते. मला वाटलं ओढलं की निघेल. मी जितकं ओढलं..." आणि थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनी म्हटलंच नाही, आणि ते सगळ्या खोलीने ऐकलं. मी वेइकोकडे पाहिलं, तो खाली जमिनीकडे बघत होता. आता सांगा, या बाईंच्या पाठोपाठ उठून कुणी काय बोलायचं? आमच्या बाजूचा एकजण पुटपुटला, "नाटक आहे." वेइकोने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचा सगळा वेळ पाणी पीत बसला.

मग अध्यक्षबाईंनी पुकारलं, "श्रीयुत हापाला. दोन मिनिटं."

वेइको उठला. अंगात अंत्ययात्रेचा सूट, त्याच्याकडे एकच आहे, मेलेल्यांना आणि सरकारला तोच. माइकसमोर म्हणाला, "मी दाखवतो." बाही वर केली, मनगट फासात घातलं, आणि तारेचं दुसरं टोक समितीच्या टेबलाच्या पायाला बांधलं. मी मनात म्हटलं, शाब्बास. कारण आमच्या डोक्यात टेबल म्हणजे काय? न हलणारी गोष्ट. आयुष्यभर जे काउंटर पाहिलं ते जमिनीत गाडलेलं. राजधानीतल्या टेबलांना चाकं असतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं हो...

वेइकोने मनगट ओढलं आणि टेबल त्याच्याकडे चालत आलं. सावकाश, नम्रपणे, जेवायला बोलावल्यासारखं. पाण्याचे पेले निघाले, एक थेट एका सभासदाच्या मांडीवर. तो उडाला. पहारेकरी धावला, टेबल धरलं आणि मागे ओढलं. तार आवळली. वेइकोला नेमकं ठाऊक काय करायचं, सैल पडावी म्हणून तो दोन पावलं टेबलाकडे गेला, तर दुसऱ्या पहारेकऱ्याला वाटलं, हा सभासदांवर चालून जातोय. त्याने मागून येऊन खांदा धरला. कुठला? डावा. आणि वेइको ओरडला. मी शपथेवर सांगतो, ओरडला तो खांद्यापायी, मनगटाला काही झालेलं नव्हतं, पण खोलीला काय दिसलं? म्हातारा, तार, टेबल आणि किंकाळी. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे देवा, बघा ना किती क्रूर."

मी उठून ओरडतोय, "ओढू नका, अहो ओढू नका, उभे राहा, सैल पडेल." अध्यक्षबाई म्हणतायत, "आपण बसून घ्या, आपली वेळ आलेली नाही." पहिला पहारेकरी टेबल इकडे ओढतोय, दुसरा वेइकोला तिकडे ओढतोय, तिसरा विचारतोय पक्कड आहे का कुणाकडे, आणि पक्कड कुठे, तर त्यांनीच खाली टोपलीत ठेवलेली. आयुष्यभर मी कोयोटी पाहिले, तुम्हाला सांगतो, एकही इतका अडाणी नव्हता. कोयोटी थोडं झटापट करतो आणि बसतो. माणसं मदत करत राहतात. आता कुणावर ठेवायचा विश्वास, फासावर की माणसांवर?

तेवढ्यात समोरच्या बाकावरून कोलीनबाई आल्या. पळत नाही, चालत. म्हणाल्या, "सोडा त्यांना. आणि टेबल ओढू नका, ढकला. त्यांच्याकडे ढकला." आवाजच असा होता की दोन्ही पहारेकऱ्यांनी ऐकलं. बाई गुडघ्यावर बसल्या, वेइकोचा हात आपल्या मांडीवर घेतला, तार थोडी मागे लोटली, अंगठ्याने कडी फिरवली, आणि फास उघडला. एवढं झटकन, की आमच्यातल्या अर्ध्या लोकांना जमलं नसतं.

"झालं, काका. फार दुखतंय?"

"खांदा दुखतोय, पोरी," वेइको म्हणाला. हे माइकमध्ये आलं नाही. आलं असतं तर...

बाई तशाच बसून राहिल्या, फास हातात. मग हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी मला हे येत नव्हतं. नंतर शिकले. आता आमच्याकडे सगळ्यांना शिकवते, कुत्री पाळणाऱ्यांना."

आणि वेइको, ज्याचे शब्द वर्षाला खिशात मावतात, तो म्हणाला, "आम्ही शिकवायला हवं होतं."

तुम्हाला सांगतो, माझ्या दोन मिनिटांत हेच होतं हो. शब्द न् शब्द हेच. पायवाटेपासून फास लांब ठेवा, अडसर सक्तीचा करा, जो मोडेल त्याचा परवाना कायमचा काढा, आणि प्रत्येक पायवाटेच्या तोंडाशी पाटी लावा, फास कसा उघडायचा त्याचं चित्र काढून. बंदी नको, एवढं करा. त्या बाई आणि वेइको मिळून माझं भाषण जमिनीवर बसून करून मोकळे झाले, आणि कुणी ऐकलं नाही, कारण सगळे फोटो काढत होते. घंटी वाजली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "झाल्या प्रकारामुळे वेळ संपलाय, उरलेल्यांनी आपलं म्हणणं लेखी द्यावं." मी म्हटलं, "बाई, मी बोलायला आलोय, लिहायला आलो असतो तर शाळा सोडली नसती." सगळे हसले. लेम्पी खरंच सांगत होती, मी तोंड उघडायलाच नको होतं.

दुसऱ्या दिवशी तो फोटो राज्यभर. वेइको खाली बसलेला, तोंड वाकडं, मनगटात तार, आणि त्याच्यासमोर ज्यांचं कुत्रं फासात गेलं त्या बाई, त्याला सोडवतायत. आता तुम्हीच सांगा, असा फोटो पाहून तुम्ही मत कुणाला दिलं असतं? मीच बंदीला दिलं असतं, आणि मी तर तेव्हा दुकानात फास विकायचो.

परतीच्या वाटेवर वेइको खिडकीबाहेर बघत होता. झाडं दाट व्हायला लागली तेव्हा म्हणाला, "बाई चांगली आहे." मी म्हटलं, "हो, आणि तिच्यामुळेच तुला ॲरिझोनाला जावं लागणार." तर म्हणतो, "तिच्यामुळे नाही. ज्याने पायवाटेला फास लावला ना, त्याच्यामुळे." मग घरी पोचलो. लेम्पीने वेलदोड्याचा पाव पुढे ठेवला, त्याने खाल्ला, सौना, म्हणजे आमची वाफेची खोली, तापवला होता तिथे जाऊन बसला, आणि आतून कितीतरी वेळ तापल्या दगडांवर पाणी टाकल्याचा आवाज येत राहिला.

कायदा झाला. वेइको गेला, मुलगी येऊन घेऊन गेली. वसंतात रस्त्याखालची नळी तुंबली, लोखंडी सापळे ओढायला कुणी मिळेना, तर परगण्याने यंत्र आणून धरण फोडलं आणि एक बंदूकवाला बोलावला. बीव्हर मेले ते मेलेच, कायद्याने एकही वाचला नाही, फरक इतकाच की यंत्राने खड्डा खणून सगळे पुरले, कातड्यांसकट. मी जाऊन पाहिलं. काय फर होती हो... हात लावला आणि परत आलो. यंत्र चालवणारा पोरगा मला म्हणतो, "काका, वाईट वाटतंय का बीव्हरचं?" काय सांगू त्याला? वाटतं, पण तू म्हणतोस तसं नाही?

वेइकोचा फोन येतो. विचारलं, कसं आहे, तर म्हणतो, "ऊन आहे." पुढच्या वेळी विचारलं तरी, "ऊन आहे." एवढंच.

आता तुम्ही बंदीच्या बाजूचे असाल तर असा, माझ्याकडे कॉफी दोन्ही बाजूंना एकाच भावाने आहे. फक्त एक करा. घरी जाऊन याचा हिशेब मांडाल ना, तो प्रामाणिक मांडा. सगळ्यात वर बिस्किटचं नाव घाला, ते तिथेच शोभतं. मग खड्ड्यातले बीव्हर घाला, आणि शेवटी उन्हात बसलेला माणूसही घाला. बेरीज माझ्याकडून तपासून घेऊ नका. मी व्यापारी आहे, तराजूवर माझा अंगठा कधी टेकतो ते मलाही कळत नाही.